कॅमकॉर्डरने पकडलेली झोप

"बघा बेन. झोपलाय की नाही?"

घनश्यामशेठनी टीव्हीकडे बोट केलं. सुरतेच्या भेस्तानमधल्या त्यांच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्यातली वरची केबिन. खाली छत्तीस मशीनं एकदम धडधडत होती, त्यामुळे टेबलावरच्या कपातला चहा सारखा थरथरत होता. टीव्हीवर एक म्हातारा कारागीर स्टुलावर बसलेला दिसत होता. मान खाली, हात मांडीवर, डोळे बंद. निदान बंद वाटत होते.

"किती वेळ बसलेत असे?" मी विचारलं.

"अकरा मिनिटं! मी स्वतः मोजली. आणि त्याच मशीनच्या कापडात पट्ट्या येतायत. आता कळलं ना कशा येतात ते?"

मी वैशाली. पर्वत पाटियाला माझं व्हिडिओचं दुकान आहे. लग्नं शूट करते, जुने कॅमेरे दुरुस्त करते, आणि कोणता कॅमेरा घ्यावा याचा सल्ला फुकट देते. लोक तो सल्ला बहुतेक वेळा कॅमेरा घेऊन झाल्यावर मागतात. शेठही त्यातलेच. त्यांच्या पुतण्याने अमेरिकेहून एक हाय डेफिनिशन कॅमकॉर्डर पाठवला होता. घरगुती वापराचा, तळहातावर मावणारा, बाजूला उघडणारा छोटा स्क्रीन. बर्थडे आणि बागेतली मुलं टिपायला बनवलेला. शेठनी त्याला थेट कारखान्याच्या चौकशीवर बसवलं.

शेठ माझ्याशी गुजरातीत बोलतात, मी अर्धं गुजराती आणि अर्धं हिंदी. इथे बहुतेक सगळं मराठीतच सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला माझ्याइतकाच घाम फुटेल.

काम असं होतं. व्हिडिओ अंधारा आणि धुरकट होता. तो मी साफ करायचा, कारागिराचा चेहरा मोठा करायचा. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत शेठ तो सगळ्या कामगारांना मोठ्या टीव्हीवर दाखवणार होते. मग त्या माणसाला तिथल्या तिथे काढून टाकणार.

"नुसतं काढलं तर हे लोक विसरतात," शेठ म्हणाले. "दाखवून काढलं की लक्षात राहतं."

शेठच्या बाजूला हितेशभाई उभे होते. हे कारखान्याचे मास्टर, म्हणजे मशीनं नीट चालू ठेवणारा माणूस. ते शेठाणींचे धाकटे भाऊ. त्यांची भरती लग्नाच्या मांडवात झाली होती, असं खाली सगळे म्हणायचे. कॅमेरा त्यांनीच माळ्यावर लावला होता.

"क्वालिटी एकदम टॉप आहे बेन," हितेशभाई म्हणाले. "बॉक्सवर लिहिलंय, तीनशे पन्नास झूम."

इथेच मला पहिली शंका आली.

झूम दोन तऱ्हेचे असतात. ऑप्टिकल झूममध्ये आतल्या काचा खरोखर सरकतात आणि लांबची वस्तू खरोखर जवळ येते. डिजिटल झूममध्ये काही सरकत नाही. कॅमेरा चित्राचा मधला तुकडा कापतो आणि ताणून मोठा करतो. ताणलेल्या तुकड्यात नवीन काही दिसत नाही, फक्त जे दिसत नव्हतं ते मोठं होतं. या कॅमकॉर्डरचा खरा झूम होता तीस. ऑप्टिकल, आणि उत्तम. बॉक्सवर तो आकडा कोपऱ्यात बारीक छापला होता. तीनशे पन्नास मात्र लाल ताऱ्यात.

मी कॅमेरा हातात घेतला आणि मेनू उघडला. रेकॉर्डिंगची क्वालिटी सगळ्यात खालची ठेवलेली.

"ही कोणी ठेवली?"

"मीच," हितेशभाई अभिमानाने म्हणाले. "दिवसभराचं एका कार्डात मावतं."

मावतं, खरं आहे. पण कॅमेरा ते मावावं म्हणून काटकसर करतो. जे हलत नाही ते पुन्हा नव्याने टिपत नाही, मागचंच चित्र पुढे चालवतो. माणूस बोट हलवतो, पापणी मिटतो, तेवढं त्याच्या हिशेबी हलणं नसतं. त्यात कारखान्यातला उजेड कमी. अशा कॅमेऱ्यांचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी आतली चकती, डाळीच्या दाण्याएवढा असतो. उजेड कमी पडला की चित्रात मुंग्या येतात. त्या घालवायला कॅमेरा चित्र सारवून टाकतो. मुंग्यांबरोबर डोळेही सारवले जातात.

थोडक्यात, माझ्यासमोर अकरा मिनिटं एका सारवलेल्या माणसाचं चित्र होतं.

"साफ होईल ना?" शेठनी विचारलं.

"अंधार कमी करता येईल. पण डोळे रेकॉर्डच झालेले नाहीत, ते मी कुठून आणू?"

"मग बंद आहेत म्हणूनच दिसत नाहीत!" हितेशभाई म्हणाले.

मी कॅमेरा बंद करून टेबलावर ठेवला.

"मला एकदा मशीन बघू द्या," मी म्हणाले. शेठना वाटलं, मी अँगल बघायला जातेय. मी तसं वाटू दिलं.

खाली उतरले. माझे वडील अमळनेरकडून सुरतेला आले आणि आयुष्यभर लूमवर राहिले. त्यामुळे तो आवाज मला नवा नव्हता. लूमजवळ माणसं ओरडून बोलतात आणि निम्मं ओठांवरून समजून घेतात. चौदा नंबरच्या मशीनपाशी तो म्हातारा उभा होता. निंबा महाजन. कारखान्यात सगळे त्यांना निंबा आबा म्हणत. उद्या काय होणार आहे हे त्यांना कळलेलं होतं. केबिनमधल्या गोष्टी जिन्याने नाही, चहावाल्याबरोबर खाली येतात.

"आबा, मी व्हिडिओवाली," मी कानाशी जाऊन ओरडले.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू कोनी पोर शे?"

"अमळनेरच्या दगा पाटलांची. लूमवरच होते."

"मंग तुले लूम समजस," ते म्हणाले आणि पुन्हा कापडाकडे बघायला लागले.

मी सरळ विचारलं, त्या दिवशी डोळा लागला होता का? माणसाचं वय झालं होतं, उकाडा होता, लागला असता तर मला काही धक्का बसला नसता. आबांनी नकारार्थी मान हलवली.

"मना डोया उघडाच व्हतात. मी पट्टीनी वाट देखी ऱ्हायंतू."

म्हणजे डोळे उघडे होते, आणि ते कापडात पट्टी कधी येते याची वाट बघत बसले होते. ही पट्टी म्हणजे कापडातली आडवी जाड रेघ. विणलेलं कापड एक रोलर हळूहळू ओढून घेत असतो. तो रोलर क्षणभर अडला तर कापड जागेवर थांबतं, धागे एकावर एक दाटतात आणि रेघ उमटते. असं कापड व्यापारी परत पाठवतो.

आबांनी माझ्यासमोर कापडावर हात ठेवला. एका रेघेवर कोपर टेकवलं. हात संपला, त्यापुढे चार बोटं मोजली. तिथे दुसरी रेघ. पुन्हा कोपर ठेवलं. पुन्हा एक हात चार बोटं. पुन्हा रेघ.

"दर खेपले तेवढंच," ते म्हणाले. मास्टरना त्यांनी तीनदा सांगितलं होतं, रोलर फिरवणाऱ्या चाकाचा दात बघा. मास्टर म्हणाले होते, चाक नवीन आहे.

मी तिथे उभी राहिले आणि मला जरा राग आला. माणूस डुलक्या काही एक हात चार बोटं मोजून घेत नाही. आणि ज्या अकरा मिनिटांत हा माणूस मान खाली घालून बसला होता, त्या अकरा मिनिटांत आख्ख्या कारखान्यात तोच सगळ्यात जास्त जागा होता. कॅमेरा वर माळ्यावर. वरून बघितलं की खाली बघणाऱ्या माणसाच्या फक्त पापण्या दिसतात.

पण हे शेठना सांगून पटलं नसतं. शेठना टीव्हीवर दिसलेलं पटायचं.

मी वर गेले. "शेठ, कॅमेऱ्याची टेस्ट घ्यायची आहे. तुम्ही पाच मिनिटं त्या स्टुलावर बसाल?"

"मी?"

"डोळे सताड उघडे ठेवायचे. कापडाकडे बघायचं. धागे मोजायचे म्हटलंत तरी चालेल."

शेठना टीव्हीवर यायला आवडतं, हे मला आधीपासून माहीत होतं. त्यांनी केस सारखे केले आणि खाली आले. कॅमेरा त्याच माळ्यावर, त्याच जागी, हितेशभाईंच्याच सेटिंगवर. मी काही बदललं नाही. हितेशभाईंनाच बटण दाबायला लावलं, म्हणजे नंतर माझ्यावर यायला नको. शेठ स्टुलावर बसले आणि फार मन लावून कापडाकडे बघू लागले. मधे एकदा त्यांनी एक सुटा धागासुद्धा काढला.

मग आम्ही वर जाऊन टीव्ही लावला. चहा द्यायला दोघं कामगार आले होते, ते दारातच थबकले.

स्क्रीनवर घनश्यामशेठ गाढ झोपले होते. मान खाली, हात मांडीवर, डोळ्यांच्या जागी दोन सावल्या. पोट पुढे असल्यामुळे ते आबांपेक्षा जास्त निवांत दिसत होते. धागा काढला तेव्हा हात थोडा हलला, पण झोपेत माणूस माशी हाकलतो, तसा.

"हे मी आहे?" शेठ म्हणाले.

"शर्ट तुमचाच आहे."

दारातला एक कामगार खोकला. दुसरा लगेच बाहेर गेला आणि जिन्यावरून त्याचं हसणं ऐकू आलं.

"पण मी जागा होतो!"

"मला माहीत आहे. कॅमेऱ्याला माहीत नाही."

शेठनी स्वतःचा व्हिडिओ पुन्हा लावला. बहुतेक आपण खरंच जागे होतो ना, याची खात्री करून घेत असावेत.

हितेशभाईंनी मात्र हार मानली नव्हती. "म्हणजे कॅमेरा भंगार आहे. पण पट्ट्या तर खऱ्या आहेत ना? त्या कोण आणतं?"

"कॅमेरा भंगार नाही," मी म्हणाले. "त्याला चुकीचं काम दिलंय. बरोबर काम देऊ. चाकाचं झाकण काढून द्या."

"मशीन बंद करायचं नाही! ऑर्डर आहे."

"बंद करायचं कोणी म्हटलं? चालू असतानाच बघू. फक्त झाकण काढायला मिनिटभर थांबवा."

"ते चाक गेल्या महिन्यात मी नवीन बसवलंय."

"मग काही दिसणारच नाही," मी म्हणाले. शेठनी मान डोलावली. आता त्यांना टेस्टचा नाद लागला होता.

चालू लूममध्ये कोणी तोंड घालून बघत नाही, हात घालणं तर सोडाच. इथे या कॅमकॉर्डरचा खरा गुण कामाला येणार होता. सहा फुटांवरून तीस पट ऑप्टिकल झूम, म्हणजे चाकाचा एकेक दात स्क्रीनभर. शिवाय तो तासन्‌तास न थांबता चालतो. माझ्या दुकानातला मोठा महागडा कॅमेरा अर्ध्या तासात तापून बंद पडतो. सुरतेच्या कारखान्यात त्याआधीच.

अडचणी आल्याच. पहिली, चित्र लपलप करायला लागलं. आपल्या ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. आपल्याला ते जाणवत नाही. अमेरिकेचा कॅमेरा तिथल्या विजेच्या हिशेबाने चित्र घेतो, त्यामुळे त्याचा आणि आपल्या ट्यूबचा ताल जमत नाही. मेनूत पार खाली, कोणाला सापडू नये अशा जागी, शटरचा आकडा बदलायची सोय होती. शंभर केला. लपलप गेली.

दुसरी अडचण. ट्रायपॉडवर लावल्यावर चाक जेलीसारखं डुलताना दिसलं. दोष चाकाचा नव्हता. जमीन हादरत होती, तिच्याबरोबर ट्रायपॉड, आणि हे कॅमेरे चित्र वरून खाली एकेक ओळ करून वाचतात, तोवर वस्तू हललेली असते. आबांनी टाकाऊ धाग्यांनी भरलेलं एक पोतं आणून ठेवलं. त्यावर कॅमेरा ठेवला. हादरा पोत्याने खाल्ला. चित्र थांबलं.

फोकस ऑटोवर ठेवला असता तर समोरून उडणाऱ्या प्रत्येक तंतूमागे तो धावला असता. तो मी हाताने लावून कुलूपबंद केला. उजेडासाठी बाजूला एक दिवा लावला. क्वालिटी सगळ्यात वरची.

तिसरी अडचण आवाजाची. पट्टी आली की आबांनी ओरडायचं, असं आधी ठरवलं होतं. पण या कॅमेऱ्यांचा माइक मोठा आवाज आला की सगळंच दाबून टाकतो. छत्तीस लूमांपुढे आबांचं ओरडणं त्यात कुठे गेलं, ते शोधूनही सापडलं नाही. म्हणून आबांच्या हातात बॅटरी दिली. रेघ दिसली की चाकावर उजेड मारायचा.

आबा त्याच स्टुलावर बसले. मान खाली, डोळे कापडावर, हुबेहूब त्या व्हिडिओसारखे. शेठ त्यांच्याकडे बघत होते. या वेळी तीन फुटांवरून. आबांच्या बुबुळांची डावी-उजवी चाललेली धावपळ त्यांना पहिल्यांदाच दिसत असावी.

आठेक मिनिटांनी बॅटरी लागली. मग पुन्हा तेवढ्याच वेळाने. अर्धा तास झाल्यावर मी कॅमेरा उचलला आणि आम्ही सगळे वर गेलो. आबांना मी हाताला धरून नेलं, कारण ते यायला तयार नव्हते.

टीव्हीवर चाक हळूहळू फिरत होतं. दात, दात, दात. ग्रीस आणि तंतूंचा काळा लगदा प्रत्येक फटीत. मग एक दात आला जो अर्धाच होता. बाकीचा तुटलेला, जागा लगद्याने बुजलेली. वरवर बघणाऱ्याला कळलंच नसतं. तो अर्धा दात दुसऱ्या चाकाला भिडला, घसरला, चाक एक झटका खाऊन क्षणभर थांबलं. पुढच्या क्षणी स्क्रीन बॅटरीच्या उजेडाने पांढरा झाला.

"योगायोग," हितेशभाई म्हणाले.

मी पुढे सरकवलं. तोच दात, तोच झटका, तीच बॅटरी. आणखी पुढे. पुन्हा तेच.

शेठ टीव्हीच्या अगदी जवळ गेले. "हितेश, या चाकावर गंज आहे."

हितेशभाई टीव्हीपासून एक पाऊल मागे सरकले.

"नवीन चाकावर गंज कुठून येतो?"

हितेशभाईंचं म्हणणं आलं की गोदामात दमट असतं. मग म्हणणं आलं की चाक नवीन म्हणजे अगदी नवीन नाही, दुसऱ्या मशीनचं चांगलं चाक होतं. तिसरं म्हणणं शेठनी येऊ दिलं नाही. हाताने थांबवलं.

शेठ आबांकडे वळले. मला वाटलं, आता माफी मागतील. त्यांनी खुर्ची पुढे केली.

"निंबाभाई, बेसो. चा पीओ."

आबांनी चहा घेतला. बसले नाहीत. उभ्यानेच प्याले, कप खाली ठेवला आणि शेठना एवढंच म्हणाले, "तीन खेप सांगेल व्हतं मी." तीन वेळा सांगितलं होतं. मग ते खाली निघून गेले, कारण मशीन चालू होतं.

शेठ खिडकीतून खाली बघत राहिले. त्यांचा चेहरा पडला होता. कोणाला वाईट वाटतंय हे ओळखायला मला कॅमेरा लागत नाही. पण वाईट वाटणं आणि तोंडाने सांगणं यांच्यामध्ये मालक लोकांचा बराच मोठा जिना असतो. त्या दिवशी शेठ तो उतरले नाहीत.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत टीव्ही लागला नाही. त्याऐवजी खरोखर नवीन चाक लागलं. चौदा नंबरचं कापड साफ यायला लागलं. हितेशभाईंची बदली पॅकिंगला झाली, जिथे दात असलेलं काही नसतं. निंबा आबा होते तिथेच राहिले. काढलं असतं तर या वयात, झोपणारा कारागीर असा शिक्का घेऊन, सुरतेतल्या एकाही कारखान्याने त्यांना उभं केलं नसतं.

शेठ झोपलेले आहेत असा एक व्हिडिओ मात्र पुढच्या आठवड्यात भेस्तानमधल्या बऱ्याच मोबाइलवर फिरला. तो कोणी पाठवला ते मला माहीत नाही. मेमरी कार्ड माझ्या पर्समध्ये होतं, एवढंच मी सांगू शकते.

शेठ आता येईल त्याला सांगतात, पुतण्याने पाठवलेला कॅमेरा जबरदस्त आहे, आमच्याकडचा बिघाड त्याने शोधून काढला. आबांचं नाव त्यात येत नाही, पोत्याचंही नाही.

लोक मला विचारतात, असा घरगुती कॅमकॉर्डर घ्यावा का. मी सांगते, घ्या. झूम उत्तम, दिवसभर चालतो, उजेडात चित्र सुंदर येतं. अंधारात त्याचं काही ऐकू नका, माइकवर विसंबू नका, आणि बॉक्सवरचा मोठा आकडा वाचू नका. चाकाचा दात बघायचा असेल तर याच्यासारखी वस्तू नाही. माणूस झोपलाय का ते बघायचं असेल, तर जवळ जा आणि त्याला हाक मारा.